दोन ओझी

पिह्लायाचं झाड दोन ओझी वाहत नाही,
असं आमच्या इलोमान्त्सीत म्हणतात.
शरदात लाल फळांनी वाकलं
तर हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ बेताचाच.

बाबांना हे पटलं होतं, म्हणजे
पायाला जुना बूट पटतो तसं :
आतून झिजून, आपल्याच आकाराचं होऊन.

दर सप्टेंबरात ते अंगणात उभे राहून घोस मोजत,
टोपी काढून, चर्चमध्ये असल्यासारखे.
मार्चमध्ये काठीने बर्फ मोजत.
मग सहकारी बँकेची फुकट मिळालेली निळी वही :
"फळं उदंड. बर्फ गुडघ्याखाली. बरोबर."
अशी एकेचाळीस वर्षं.

ज्या वर्षी जमेना
त्या वर्षी काठी सौनाच्या मागे जायची,
जिथं तळ्यावरचा वारा जमीन झाडून ठेवतो.
तिथंही कमरेइतका साचला, तर
"हा बर्फ आपला नव्हे.
सीमेपलीकडून वाऱ्यानं आणलेला."

शेजारचा ओइवा यावर हसायचा नाही.
गंभीरपणे मान हलवायचा.
त्याच्याही दारात तेच झाड होतं.

मी योएन्सूला गणित शिकवलं, तीस वर्षं.
बाबा गेल्यावर वह्यांचं खोकं माझ्याकडे आलं,
आणि मी हवामान खात्याचे आकडे मागवून
स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले,
लाल पेन्सिलीला टोक काढून.
खरं सांगते, इतकी गोड झोप
मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती
जितकी त्या रात्री लागली :
वीस वर्षं बरोबर, एकवीस चूक.
नाणं उडवलं असतं तरी एवढंच.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

मी ताईला फोन केला. ओइवाच्या मुलालाही.
सांगितलं, बघा,
या माणसानं जन्मात एकदाही
"चुकलं" हा शब्द लिहिला नाही.
हे मी लहानपणापासून सांगत आले होते.
आता कागद होता हातात.

तिसऱ्यांदा वह्या चाळल्या
त्या केवळ खोक्यात परत रचायच्या म्हणून.

एकोणीसशे अडुसष्ट.
पानावर माझी लाल फुली, ठसठशीत,
कागद फाटेल इतकी दाबलेली.
फुलीच्या खाली त्यांचं अक्षर :
"फळं उदंड. बर्फ खिडकीच्या काचेपर्यंत.
झाड चुकलं. मीही चुकलो.
पोरीला शाळेच्या बसपर्यंत खांद्यावर नेलं, अकरा दिवस.
ती वाटेत पाढे म्हणते.
सातचा तिला अजून येत नाही."

दोनदा हे पान माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं.
दोनदा मी त्यातले फक्त आकडे उचलले,
मासा खाताना काटे बाजूला काढावेत तसं
बाकीचं ताटाच्या कडेला लावलं.

आणि ते खांदे. मला आठवत नाहीत.
आठवते ती त्यांची पाठ,
नेहमी पुढे चालणारी,
मागे वळून न बघणारी.
हेच मी सांगत आले होते, सगळ्यांना,
नवऱ्याला लग्नाआधी, डॉक्टरला नंतर,
आणि दर वेळी पुरावा सापडत गेला.
पाठी काय, कुठेही सापडतात.

सातचा पाढा मात्र
मला अजूनही बेचाळीसशी अडखळतो.
तेवढं खरं असावं.

या वर्षी झाड वाकलंय.
तुतारीपक्ष्यांचा थवा येऊन गेला, तरी घोस संपले नाहीत.
ओइवाचा मुलगा कुंपणावरून म्हणाला,
यंदा बर्फ कमी, बघशील तू.
मी काही बोलले नाही.

बाबांची काठी सौनाच्या भिंतीला टेकून होती.
ती घेऊन मी अंगणभर फिरले,
दोनदा, तीनदा,
वारा कुठून येतो ते गालांवर घेत.
अजून रोवलेली नाही.